तीस गुणिले तीस गुणिले तीन

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, भर उन्हात, आमच्या वावराच्या धुऱ्यावर पळसाखाली उभं राहून पोकलेनवाल्या भाऊंनी आपला मोबाइल माझ्यापुढं धरला. कॅल्क्युलेटरवर २७०० हा आकडा होता.

"बघा ताई, तीस गुणिले तीस गुणिले तीन. याच्यात लपवाछपवी काहीच नाही."

शेततळं खोदून झालं होतं. वर तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, खोली तीन मीटर. बोली ब्रासवर झाली होती. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास, मीटरच्या हिशेबात २.८३ घनमीटर. सत्तावीसशेला त्यानं भागलं की साडेनऊशेच्या वर ब्रास होतात. मी नागपूरला बँकेत नोकरी करते, दिवसभर आकड्यांतच असते, त्यामुळं गुणाकार बरोबर आहे हे मला लगेच कळलं. काहीतरी चुकतंय हेही कळत होतं. नेमकं काय, ते सांगता येईना.

ते बाबांनी सांगितलं, तेही न बोलता. ते उतारावरून घसरत, टाचा रोवत तळ्यात उतरले आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत पावलं टाकत गेले. वर आले, थोडा दम खाल्ला आणि म्हणाले, "वरती चाळीस पावलं भरते. खाली बत्तीसच भरली. मंग ती आठ पावलं कोनाची?"

तळ्याच्या भिंती उभ्या नव्हत्याच. आमची जमीन मोरांड. उभी कड ठेवली तर पहिल्याच पावसात ढासळणार. म्हणून एकास एक उतार दिलेला, म्हणजे मीटरभर खाली गेलं की कड मीटरभर आत येते. तीन मीटर खाली गेलं की चारही बाजू तीन-तीन मीटर आत. तळ उरतो चोवीस बाय चोवीसचा. भाऊंनी त्या उताराखालच्या, कधी खोदल्याच न गेलेल्या मातीचेही पैसे लावले होते. मुद्दाम लावले असं मला आजही वाटत नाही. शाळेत त्यांना जे शिकवलं, तेच त्यांनी केलं.

मलाही तेच शिकवलं होतं. लांबी, रुंदी, उंची, तिघांचा गुणाकार, उत्तरापुढं 'घन' लिहायचं, नाहीतर अर्धा मार्क जायचा. क्षेत्रफळ मला समजायचं, कारण वावरातून चालताना ते पायांना कळतं. घनफळ मात्र फक्त शब्दानं भुलवायचं. लहानपणी मला ते खरंच एखादं टणक फळ वाटायचं, कवठासारखं.

गंमत अशी की ज्या घरात मी ते गणित चुकवत होते, त्याच घरात माजघराच्या कोपऱ्यात पत्र्याचा कुडो पालथा पडलेला असायचा आणि रोज कुणी ना कुणी त्यानं धान मापायचं. आमचं गाव भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यात, चुलबंद नदीच्या काठाला. धान पोत्यात भरलं तरी बोलताना अजूनही कुडो आणि खंडीच तोंडात येतात. वीस कुडोंची खंडी. किलो कायद्यानं आला तो १९५८ पासून. आमच्या ओसरीवर मात्र तो माझ्या लहानपणीही पाहुण्यासारखाच होता. मापणारी माणसं पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसत. 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन. आजी मापायला बसली की मी मोजायला बसायचे, आणि हटकून 'एक' म्हणून बोलणी खायचे.

त्या कुडोवर धानाचा जो छोटा डोंगर उभा राहतो, त्याला शीग म्हणतात. 'उत्कंठा शिगेला पोचली' असं आपण सर्रास लिहितो. माप काठोकाठ भरल्यावर वर जे टोक चढतं आणि ज्याच्यावर आणखी एक दाणा टाकला की तो घरंगळून खाली येतो, ती ही शीग. देणाऱ्याला सपाट माप आवडतं, घेणाऱ्याला शिगेचं. आजा सांगायचा की मालगुजाराच्या, म्हणजे तेव्हाच्या जमीनदाराच्या, वाड्यावर दोन कुडो असायचे. खंडाचं धान घ्यायचा कुडो पसरट तोंडाचा, आणि बियाण्याला वाढीदिढीनं, म्हणजे दीडपट परतीच्या बोलीनं, धान द्यायचा तो उभट. "दोन्हीत पानी वतलं तर सारखंच बसे," आजा म्हणायचा. "पान्याची शीग नाई होत ना, बाई."

मालगुजारी १९५१ साली गेली आणि आजाचं हे बोलणं मी गोष्ट म्हणूनच ऐकलं. शेततळ्याच्या भानगडीनंतर एका रात्री कागद घेऊन बसले तेव्हा त्यातली लबाडी पहिल्यांदा आकड्यांत दिसली. धानाची रास साधारण पस्तीस अंशांच्या उतारावर थांबते. त्याहून चढ झाली की दाणे ओघळतात. म्हणजे शिगेची उंची ठरवतं मापाचं तोंड. जेवढं तोंड रुंद, तेवढी शीग उंचही आणि पसरटही. जेवढा रुंद तेवढाच उंच असा कुडो घेतला तर शिगेत कुडोचा नववा हिस्सा बसतो, किंचित जास्तच. तोच कुडो तेवढंच धान मावेल असा, पण उंचीच्या दुप्पट रुंद केला, तर शिगेत जवळजवळ पाव कुडो बसतो. पाणी ओतून तपासायला आलेल्या साहेबालाही दोन्ही मापं खरीच दिसली असती. चोरी मापाच्या आत नव्हतीच, ती मापाच्या वर, उघड्यावर होती.

आजाला हे गणित येत नव्हतं. पण पाण्याची शीग होत नाही या एका वाक्यात त्यानं ते सगळं सांगून ठेवलं होतं, आणि मला ते उकलायला चाळीस वर्षं लागली.

रेतीचं प्रकरण शेततळ्याच्या आधीचं, घराला न्हाणीघर जोडलं तेव्हाचं. ते थोडक्यात सांगते, कारण त्यात माझी फारशी शोभा नाही. ट्रॉली 'एक ब्रास' म्हणून आली. मी टेप लावून आतून मापली. दहा फूट, सहा फूट, आणि उंची वीस इंच, म्हणजे बरोबर शंभर घनफूट. खूश होऊन पैसे दिले. रेती ओलसर होती, नुकतीच नदीतून काढलेली. आठवड्याभरानं गवंडी म्हणाला, "ताई, एवढी कमी कशी आली?" त्यानंच मग मला दाखवलं. बादलीत ओलसर रेती भरली, वरून हातानं सपाट केली, आणि हळूहळू पाणी ओतत गेला. बादली पाण्यानं भरून वाहायच्या आधीच रेती खाली बसत गेली, चांगली चार बोटं. चार-पाच टक्के ओल असली की प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा धरतो, कण एकमेकांपासून सुटे राहतात, आणि बारीक रेती वीस-तीस टक्क्यांपर्यंत फुगते. पूर्ण वाळली की खाली बसते. पाण्यात बुडाली तरी खाली बसते. मधल्या ओलसरपणातच ती सगळ्यात जास्त जागा खाते. मी ट्रॉलीत जे मापलं त्यात रेतीबरोबर पोकळीही होती, आणि तिचेही पैसे मोजले.

म्हणून शेततळ्याच्या वेळी मी बाहेर काढलेल्या मातीचा ढिगारा मोजायच्या फंदात पडले नाही. खोदलेली माती फुगते, खड्ड्यात परत टाकली तर मावत नाही, हे गावात पोरासोरांनाही ठाऊक असतं. मोजायचा तर खड्डाच.

त्या संध्याकाळी ओसरीवर भाऊ, बाबा आणि मी, असे तिघं बसलो. सत्तावीसशे चुकलं हे भाऊंनी पावलं बघितल्यावरच मान्य केलं होतं. आता प्रश्न, मग किती? भाऊ म्हणाले, "वरचं क्षेत्रफळ नऊशे, खालचं पाचशे शहात्तर. दोन्हीचा मध्य काढा, तीननं गुणा." झाले २२१४. बाबा म्हणाले, "मध्य काढाचा तं बाजूचा काढा. वर तीस, खाली चोवीस, मधात सत्तावीस. सत्तावीस सत्ते..." पुढचं मी केलं, २१८७. दोन्ही म्हणणी पटण्यासारखी. दोघांनीही मध्यच काढला होता, आणि दोन मध्यांत सत्तावीस घनमीटरांचा फरक. साडेनऊ ब्रास. फार नाही, पण भाऊंच्या डिझेलला आणि बाबांच्या हट्टाला पुरेसा.

मी घरात गेले. मुलीच्या परीक्षेसाठी कधीतरी घेतलेलं 'लीलावती'चं मराठी भाषांतर फळीवर होतं. भास्कराचार्यांनी ते ११५० साली लिहिलं, आणि त्यात खड्ड्यांवर एक वेगळं प्रकरणच आहे, खातव्यवहार नावाचं. ते वाचताना मला वाटायचं, एवढ्या मोठ्या ज्योतिषाला खड्डे खोदण्यात काय रस? पण राजा असो की गाव, तळी आणि विहिरी खोदणाऱ्याला मजुरी द्यावीच लागते, आणि मजुरीवरून भांडण तेव्हाही होतच असणार. वर-खाली वेगळ्या मापाच्या खड्ड्याची रीत त्यांनी एका श्लोकात सांगितली आहे. तोंडाचं क्षेत्रफळ घ्या, तळाचं घ्या, आणि तिसरं, तोंडाच्या आणि तळाच्या बाजूंची बेरीज करून तिचं क्षेत्रफळ घ्या. तिन्ही मिळवा, सहानं भागा, खोलीनं गुणा.

नऊशे. पाचशे शहात्तर. तीस आणि चोवीस चौपन्न, त्याचा वर्ग २९१६. सगळे मिळून ४३९२. सहानं भागलं, ७३२. तीननं गुणलं, २१९६.

दुसऱ्या दिवशी कृषी खात्यात असलेल्या एका ओळखीच्या माणसाला फोन केला. तीस बाय तीस बाय तीनचं, एकास एक उताराचं तळं असं म्हणताच पलीकडून तोंडपाठ उत्तर आलं, "एकवीसशे शहाण्णव." सरकारी तक्ता आणि साडेआठशे वर्षांपूर्वीचा श्लोक एकाच आकड्यावर आले याचा मला फार आनंद झाला. बाबांना नाही झाला. "ते काहून तसं, ते सांग," एवढंच म्हणाले.

काहून, हे मला तरी कुठं माहीत होतं? मग मी तळ्याचे तुकडे करायला बसले, कागदावर. मधला भाग सरळ पेटीसारखा, चोवीस बाय चोवीस बाय तीन, १७२८. त्याच्या चार बाजूंना चार उतरत्या पाचरी, चोवीस मीटर लांब, तीन मीटर रुंद, आतल्या कडेला तीन मीटर खोल आणि बाहेरच्या कडेला शून्य. एकेकीचं घनफळ १०८, चारींचं मिळून ४३२. इथवर भाऊंच्या आणि बाबांच्या हिशेबात एका घनमीटराचाही फरक नाही. भांडण उरतं ते फक्त चार कोपऱ्यांचं. कोपऱ्यात वर तीन बाय तीनचा चौकोन आहे आणि तो खाली जात जात एका टोकात संपतो. बाबांच्या रीतीत चार कोपऱ्यांचे सत्तावीस धरले जातात, भाऊंच्या रीतीत चोपन्न. खरे आहेत छत्तीस, एकेका कोपऱ्याचे नऊ, म्हणजे तीन बाय तीन बाय तीनच्या ठोकळ्याचा तिसरा हिस्सा. भास्कराचार्यही तेच सांगतात, टोकदार खड्डा सरळ खड्ड्याच्या एकतृतीयांश.

पण तिसराच का? अर्धा का नाही?

हे मी मातीनं केलं. तळ्यातूनच आणलेला चिकट गोळा, त्याचा लाडवाच्या डब्याएवढा चौकोनी ठोकळा केला, आणि सुताच्या दोऱ्यानं कापला. पहिले दोन ठोकळे वाया गेले, दोरा वाकडा गेला. तिसऱ्या खेपेला वरचा एक कोपरा धरला आणि त्या कोपऱ्याला न लागणाऱ्या तीन बाजूंकडे काप घेतले. तीन तुकडे निघाले, प्रत्येकाला एक चौकोनी बूड आणि एका कडेला सरकलेलं टोक, हुबेहूब आमच्या तळ्याच्या कोपऱ्यासारखे. तिन्ही सारखे. बाबांनी ते हातात घेतले, फिरवले, जुळवले, परत सुटे केले. तान्ह्या पोळ्याचे मातीचे बैल करणारे त्यांचे हात; त्यांना जोड बरोबर बसतो की नाही हे डोळ्यांआधी बोटांना कळतं. तीन-चार वेळा जुळवल्यावर म्हणाले, "हौ, तीनच बसते."

भाऊंना फोन लावला. ते दुसऱ्या गावात कामावर होते, मागं पोकलेनचा आवाज. मी २१९६ सांगितलं, कोपरे समजवायला लागले. ते मधेच म्हणाले, "ताई, दोन हजार दोनशे धरा. वरच्या चार घनमीटरचा मले चहा पाजा." तसंच ठरलं. सातशे सत्त्याहत्तर ब्रास.

त्याच 'लीलावती'त धानाच्या राशीचंही प्रकरण आहे, आणि ते सापडल्यावर मी दिवाळीनंतरच्या चुरणीची, म्हणजे मळणीची, वाटच बघत होते. राशीभोवती दोरी फिरवून परीघ मोजायचा. त्याचा सहावा हिस्सा घेऊन त्याचा वर्ग करायचा आणि उंचीनं गुणायचं. उंचीही मोजायची गरज नाही म्हणतात; जाड धान्य असेल तर परिघाचा दहावा हिस्सा, बारीक असेल तर अकरावा, आणि शूकधान्य, म्हणजे साळीसारखं कुसळांचं, असेल तर नववा. म्हणजे दाणा किती घसरडा यावर राशीचा चढ ठरतो, हे त्यांनी तीन आकड्यांत बसवलं. नवव्या हिश्शाचा उतार काढला तर पस्तीस अंश येतो. भिंतीला टेकलेली रास, कोपऱ्यात रचलेली रास, भिंतीच्या बाहेरच्या कोपऱ्याला वळसा घालून पडलेली रास, यांच्याही रीती दिल्या आहेत. खळ्यावर उभा राहिल्याशिवाय हे कुणाला सुचत नाही.

ताडपत्रीवरच्या आमच्या राशीला मी दोरी फिरवली. अठरा हात भरली. नियमानं उंची दोन हात हवी. टोकातून लोखंडी सळई खाली घातली, दोन हातांना चार बोटं कमी भरली. आपल्या आताच्या सुधारित धानाला कुसळं नसतात, त्यामुळं थोडी घसरत असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. नियमाप्रमाणं अठराचा सहावा हिस्सा तीन, तीनाचा वर्ग नऊ, दोननं गुणून अठरा घनहस्त. नेमकं सूत्र लावलं तर सतराच्या थोडं वर येतं. त्यांनी इथं कामापुरता परीघ व्यासाच्या तिप्पट धरला आहे म्हणून. खळ्यावर तेवढं चालतं.

घनहस्त म्हणजे काय, तर एक हात लांब, एक हात रुंद, एक हात खोल असं बारा कडांचं माप. 'बारा कडांचं' हे वाचून मी ओसरीवरच्या पेटीच्या कडा मोजल्या, खरंच बारा. त्या मापाला खारी म्हणतात, आणि तिचे भाग पाडत पाडत सगळ्यात लहान माप येतं, त्याचं नाव कुडव. एका खारीत १०२४ कुडव. म्हणजे त्यांचा कुडव पेल्याएवढाही नाही आणि आमचा कुडो दोन हातांनी उचलावा लागतो. नाव तेवढं टिकलं, माप पार बदललं. बाबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "तवाचे लोक कमी खात असन."

पेपरात 'दलघमी' वाचताना मला आता बरं वाटतं. दशलक्ष घनमीटर, म्हणजे शंभर मीटर लांब, शंभर रुंद आणि शंभर उंच असा एक ठोकळा. गोसीखुर्द धरणाची क्षमता सुमारे ११४६ दलघमी. ते सगळं पाणी एका ठोकळ्यात उभं केलं तर त्याची बाजू एक किलोमीटरच्या थोडी वर जाईल, बास. आमच्या शिवारावर तो ठोकळा ठेवला तर गाव दिसणार नाही, पण शिवार उरेल. धरणाच्या पाण्यानं मात्र कितीतरी गावांची शिवारं गेली, कारण पाणी उभं राहत नाही, पसरतं. याच्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

तळं त्या वर्षी ऑगस्टच्या मध्याला भरलं. बाबांनी आधीच तीन मीटरचा एक बांबू तळाशी रोवून ठेवला होता, त्यावर सारख्या अंतरावर तीन खाचा. पाव, अर्धं, पाऊण. सप्टेंबरात पावसानं दडी मारली, धान पोटरीत होतं, आणि पाणी मधल्या खाचेवर आलं तेव्हा ते म्हणाले, "अर्धं हाये अजून." एका एकराला दोन इंच पाणी द्यायचं तर दोन लाख लिटर लागतं, आणि त्यांनी त्या हिशेबानं पाच एकर भिजवायचं ठरवलं. चार एकर आणि वर थोडं, एवढंच झालं. बाष्पानं काही गेलं, मुरलं काही. पण मुख्य म्हणजे अर्ध्या खोलीला अर्धं पाणी नव्हतंच. खाली तळं अरुंद आहे. दीड मीटरवर शेकडा पंचेचाळीसही उरत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी नवा बांबू आणला. पोळ्याला बैलाच्या शिंगांना लावून उरलेला लाल पेंट होता, त्यानं पट्टे मारले. खालून ८९ सेंटीमीटरवर पाव. १६६ वर अर्धं. २३६ वर पाऊण. वरचे पट्टे जवळजवळ, खालचे लांब लांब.

बाबा बाजेवर बसून बघत होते.

"हे असे उन्नीसबीस काहून मारले?"

मी सांगायला लागले, तर त्यांनी हात वर करून थांबवलं. उठले, आत गेले आणि फळीवर ठेवलेले मातीचे तीन तुकडे घेऊन आले. वर्षभरात ते वाळून भेगाळले होते, एकाचं टोक तुटलेलं. त्यांनी ते एकमेकांना जुळवून बघितले, मग बांबूच्या पट्ट्यांकडे बघितलं, मग परत तुकड्यांकडे.

"त्या खालच्या पट्ट्याले अजून एक हात मार," म्हणाले. "पान्यात पुसून जाईन."

मी डबा उघडला. पेंटवर साय धरली होती, काडीनं ढवळायला घेतली.